काट्यावर

एम. जी. रोडवर कोठावदेंच्या मुलानं
दोन बोटांत धरून दाखवलं ते नेटबुक:
"ताई, पापडासारखं आहे बघा. किलोसुद्धा नाही."
मी म्हटलं, नेते, आठवडाभर वापरते,
मग बोलू किलोचं.

भांडी बाजारात आमचं दुकान, तराजू दुरुस्तीचं.
समोर तांब्याचे हंडे, शेजारी दिवसभर ठोके,
आणि आत मी, लोकांचे काटे
सरकारी शिक्क्यासाठी तयार करणारी.
अण्णांच्या माघारी परवाना माझ्या नावावर.
पापडालाही वजन असतं, हे आम्हाला
कोणी शिकवावं लागत नाही.

आल्या आल्या पारड्यात ठेवलं.
एक किलो एकशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.
खोक्यावर छापलंय नऊशे नव्वद.
बॅटरी काढली, तेव्हा कुठे बसलं नव्वदच्या आत.
म्हणजे बैल सोडल्यावर गाडी हलकी!
चार्जर वेगळा, तीनशे बारा.
ती वीट कोणी दोन बोटांत धरून दाखवत नाही.

रऊफचाचांनी बिजागरीला बोट लावलं.
"बेटी, इथं खेळ हाये. अर्धा सूत."
तराजूच्या दांडीत अर्धा सूत खेळ
म्हणजे दुकानदाराची बारमाही दिवाळी.
वीस वेळा उघडलं, मिटलं, कान लावून.
कुरकुरलं नाही.
बरं.

बटणं बारीक. माझी बोटं
कानस धरून धरून जाड झालेली.
"पिंपळगाव" लिहायला गेले, "पिंपळहाव" उमटलं.
ज्ञ तर सापडेचना,
भाचीला हाक मारली, ईश्वरीला.
पडदा दहा इंची. आमच्या वहीचे रकाने सहा,
त्यातले पाच दिसतात.
सहावा, शेऱ्याचा, सरकवून सरकवून आणावा लागतो.
आणि शेऱ्यातच तर सगळं असतं.

शनिवारी वीज गेली.
सात तास म्हणाला होता, चार तास दहा मिनिटं चाललं,
शेवटी शेवटी मांडीवर तव्यासारखं.
तरी चाललं. बाजारात बाकी सगळे
दारात येऊन तारांकडे बघत उभे होते.

दोन रात्री बसून ईश्वरीनं
अण्णांच्या वह्यांचं पान न् पान फोटो काढून आत घातलं.
एकतीस वर्षं.
दिंडोरीचं रेशन दुकान, मेन रोडचा मिठाईवाला,
सराफातले अमृतकर, ज्यांचा काटा
दर पावसाळ्यात दोन गुंजा झुकायचा.
एका म्हातारीच्या भाजीच्या तराजूपुढे
अण्णांचं अक्षर: "मुद्दाम नाही. हात थरथरतो.
दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत."
वह्या भरल्या चौदा किलो.
रद्दीवाल्याच्या काट्यावर तेरा.
(दिल्या नाहीत. काटा मात्र त्याचा ठेवून घेतला, दुरुस्तीला.)

मग पुन्हा पारड्यात ठेवलं ते.
एक किलो एकशे चौऱ्याऐंशी.
ईश्वरी हसली, "मावशी, असं वाढत नसतं गं."
ते मलाही माहीत होतं.
तरी पारडं पुसलं, फुंकर मारली,
दांडी एकदा मोकळी झुलू दिली.
एकशे चौऱ्याऐंशी.
आमच्या धंद्यात चौदा किलो टाकून
काटा जागचा हलत नसेल
तर दोष काट्याचा लिहितात.
इथे कोणाचा लिहायचा?

सोमवारी कोठावदेंकडे गेले.
"एकशे चौऱ्याण्णव ग्रॅम जास्त भरलं.
ग्रॅमचा भाव काढ आणि तेवढे वजा कर."
पोरगा आधी हसला, मग वडिलांकडे बघितलं.
वडील अण्णांना ओळखत होते.
नऊशे रुपये कमी केले, वर पिशवी फुकट.
दुकानात येऊन पिशवीही तोलली.

रात्री पहिली नोंद त्याचीच केली, त्याच्यातच.
तारीख, मालक, वस्तू, सांगितलेलं वजन, भरलेलं वजन.
शेऱ्यापाशी बोटं थांबली.
काय लिहावं ते सुचेना.
राहू दे म्हटलं,
सहावा रकाना तसाही दिसत नाही.